८ फेब्रुवारीची प्रार्थनासभा ऑनलाइन घ्यावी का?

प्रश्न असा आहे. वसईतल्या एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) युवक गटाला संत जोसेफिन बखिताच्या, म्हणजे गुलामगिरीतून सुटून सिस्टर झालेल्या सुदानी संताच्या सणाला, ८ फेब्रुवारीला, मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनासभा घ्यायची आहे. युट्यूबवर थेट प्रक्षेपण, त्यासाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि जमल्यास तस्करीतून सुटलेल्या एखाद्या मुलीची साक्ष, असा बेत आहे. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, चर्चमध्ये रोजरी केली की झालं, मोबाइल कशाला? आणि गटातल्याच एकीनं विचारलंय, प्रार्थनेनं दलाल थांबतो का?

मी सामाजिक कार्यकर्ती आहे. सुटका झालेल्या मुलींची आणि फसून परत आलेल्या कामगारांची कामं बरीच वर्षं करते आहे, त्यातली पुष्कळशी सिस्टरांबरोबर. उत्तर लांबेल, चालवून घ्या.

साक्षीचा मुद्दा आधी घेते. बाकी काही चुकलं तर पुढच्या वर्षी सुधारता येईल, पण हे चुकलं तर एका मुलीचं आयुष्य पुन्हा विस्कटेल. सुटलेल्या मुलीला कॅमेऱ्यासमोर बसवू नका. चेहरा झाकून नाही, आवाज बदलून नाही, "ती स्वतःच तयार आहे" असं कुणी सांगितलं तरी नाही. ती राहते ते घर सिस्टर चालवतात, तिची फी फादरांच्या ओळखीनं भरली जाते. अशी मुलगी आपल्याला नाही म्हणेल का? शिवाय चेहरा झाकला तरी बोलायची लकब, हातावरचं गोंदण, एखाद्या शब्दाचा गावठी हेल ओळखीच्या माणसाला पुरतो. आणि तिला विकणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, कधी नात्यातला. खटला चालू असेल तर आणखी एक होतं, जे बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. आरोपीचा वकील तुमचा व्हिडिओ उतरवून घेतो, तिच्या जबाबाशी ताडून बघतो आणि उलटतपासणीत विचारतो, "तिथं तर तू तीन माणसं म्हणालीस, इथं दोन कशी?" अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ आणि पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आमचा हेतू चांगला होता, हा बचाव तिथं चालत नाही.

कथा हवीच असेल तर बखिताची सांगा, आणि पूर्ण सांगा. आपल्याकडे ती फार गोड करून सांगितली जाते.

सुदानच्या दार्फुर भागातल्या ओल्गोसा गावी साधारण १८६९ मध्ये तिचा जन्म झाला. सात-आठ वर्षांची असताना तिला पळवलं. भीतीनं ती स्वतःचं नाव विसरली, बखिता हे नाव पळवणाऱ्यांनी ठेवलेलं. अल ओबेद आणि खार्तूमच्या बाजारांत ती पुनःपुन्हा विकली गेली. एका तुर्की अधिकाऱ्याच्या घरी तिच्या अंगावर वस्तऱ्यानं नक्षी कापून जखमांत मीठ चोळलं. १८८३ मध्ये कॅलिस्तो लेन्यानी या इटालियन उपवाणिज्यदूतानं तिला विकत घेतलं, १८८५ मध्ये ती त्याच्याबरोबर इटलीला आली आणि तिथं मिकिएली नावाच्या कुटुंबाला देऊन टाकली गेली. 'देऊन टाकली' हेच शब्द बरोबर आहेत. त्या घरची मुलगी ती सांभाळायची. पुढं मालकीणबाई आफ्रिकेला गेल्या तेव्हा दोघींना व्हेनिसमध्ये कॅनोसियन सिस्टरांकडे ठेवलं. बाई न्यायला परत आल्या आणि बखिता म्हणाली, मी येणार नाही. मठाच्या प्रमुख सिस्टर, व्हेनिसचे पॅट्रिआर्क (तिथले मुख्य धर्मगुरू) आणि राजाचे सरकारी वकील तिच्या बाजूनं उभे राहिले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निर्णय झाला की इटलीचा कायदा गुलामगिरी मानतच नाही, त्यामुळे ही बाई स्वतंत्र आहे, तिला वाटेल तिथं ती राहील. तिचा बाप्तिस्मा त्यानंतर, ९ जानेवारी १८९० ला झाला.

हा क्रम तुमच्या गटाला नीट समजावा. आधी राहायला सुरक्षित जागा मिळाली, मग तिचं स्वतःचं 'नाही' आलं, मग कायदा आला. त्या 'नाही'ला जागा देणारं दार आधी उघडं होतं म्हणून ते बोलता आलं.

पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १९३१ मध्ये तिची जीवनकहाणी छापली गेली आणि ती इटलीभर प्रसिद्ध झाली. स्वयंपाकघरात आणि मठाच्या दारावर काम करणाऱ्या या अबोल सिस्टरला सभांमध्ये नेलं जाऊ लागलं, लोक तिला बघायला येऊ लागले. म्हणजे साक्ष ऐकण्याची हौस काही युट्यूबनं आणलेली नाही. आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये, स्कीओच्या मठात शेवटच्या दुखण्यात, ग्लानीत ती शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरला विनवत होती की साखळ्या जरा सैल करा, फार जड आहेत. सुटकेला साठ वर्षं होत आली होती, संतपणाची ख्याती झाली होती, तरी साखळ्या होत्याच. "आता सगळं ठीक आहे ना हो तिचं?" असं सहा महिन्यांत विचारणाऱ्या देणगीदारांना मी हे सांगते.

तिचं एक वचन आहे, मला पळवणारे भेटले तर मी गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, या अर्थाचं. ते तिचं आहे, तिला ते म्हणायचा अधिकार आहे. तुमच्या पोस्टरवर ते घेऊ नका. ऐकणाऱ्यांत एखादी मुलगी असेल जिला घरचे आधीच सांगत आहेत की काकाला माफ कर, केस मागं घे. संताच्या तोंडून तेच ऐकलं की ती गप्प बसते.

आता शुभवर्तमान. तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या सिस्टरांचं जगभरचं जाळं २००९ मध्ये सिस्टरांच्या संघप्रमुखांच्या रोममधल्या महासंघानं उभारलं, त्याचं नाव तलिथा कुम, आपल्याकडे त्याच कामाला अमरात हे नाव आहे. मार्कच्या पाचव्या अध्यायात मेलेल्या मुलीला येशू म्हणतो ती ही ओळ सगळ्यांना पाठ असते, 'तलिथा कुम', म्हणजे 'मुली, ऊठ.' पण तो प्रसंग मागून-पुढून वाचा. येशू आधी घरातल्या गर्दीला बाहेर काढतो. फक्त आईबाप आणि तीन शिष्य आत राहतात. मुलगी उठल्यावर तो दोनच गोष्टी सांगतो, हे कुणाला कळू देऊ नका आणि तिला काहीतरी खायला द्या. पुनर्वसनाची इतकी नेमकी सूचना मी कुठल्याही सरकारी परिपत्रकात वाचलेली नाही. सभेत वाचन हेच ठेवा, आणि प्रवचन करणाऱ्या फादरांना आधीच सांगून ठेवा की 'ऊठ'वर वीस मिनिटं नको, शेवटच्या दोन ओळींवर बोला.

म्हणजे प्रार्थनेनं दलाल थांबतो का? माझ्या डोळ्यांसमोर तरी असा कुणी थांबलेला नाही. देव त्याच्या मनात काय करतो हे मला मोजता येत नाही, मोजायला मी जातही नाही. मला दिसतं ते प्रार्थना करणाऱ्यांचं. फसून परत आलेला माणूस गावात तोंड उघडतो की नाही, हे त्या गावाच्या जिभेवर ठरतं. आखातातून परतलेल्या बाईबद्दल चर्चच्या पायरीवर काय कुजबुज चालते ते तुम्हाला माहीत आहे. पुरुषांचं वेगळं. जमीन गहाण टाकून गेलेला मुलगा फसला हे तो बापालाही सांगत नाही, हसं होईल म्हणून. दलाल याच्याच जोरावर धंदा करतो. त्याला ठाऊक असतं की तक्रार होणार नाही, आणि पुढचं गिऱ्हाईक शेजारच्याच आळीत मिळेल. त्यामुळे तुमच्या सभेनंतर एका जरी माणसाला वाटलं की इथं बोललं तर मला कुणी हसणार नाही, तर दलालाची एक वाट बंद झाली. असलं मन एका तासात तयार होत नाही. म्हणून मी एक सभा घेण्यापेक्षा नोव्हेनाच्या बाजूची आहे. ३० जानेवारीपासून नऊ दिवस, रोज दहा मिनिटं.

ज्येष्ठांचं म्हणणं झटकून टाकू नका. रोजरी हवीच, आणि ती चर्चमध्येच हवी. पण मोबाइल नको, हे मला पटत नाही, कारण ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यातले कितीतरी जण चर्चमध्ये येऊच शकत नाहीत. कुवेतमधल्या घरात चोवीस तास काम करणारी बाई, इस्राएलमध्ये म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणारा केअरगिव्हर, जहाजावरचा गोव्याचा खलाशी, ही आपलीच माणसं आहेत आणि त्यांचं चर्च फोनमध्येच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये हा प्रार्थनादिन सुरू केला, आणि अलीकडे त्या दिवशी वेगवेगळ्या खंडांतून एकामागोमाग एक प्रार्थना थेट दाखवली जाते, घड्याळाच्या काट्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे. तुमच्या गटाला स्वतःचं मोठं प्रक्षेपण जमवण्याची गरजही नाही. तेच चर्चच्या सभागृहात पडद्यावर लावा, मध्ये आपली मराठी प्रार्थना घाला.

स्वतःचं करायचंच असेल तर परदेशातल्या माणसांचा विचार करून करा. पुष्कळ घरांत मालकीण कामवालीचा फोन तपासते. सभेच्या नावात 'तस्करी', 'छळ', 'सुटका' असे शब्द असले तर ते तिच्या अंगाशी येऊ शकतं. नाव साधं ठेवा, 'संत बखिता नोव्हेना'. झूमवर घेत असाल तर कॅमेरा बंद आणि नावाच्या जागी काहीही चालेल, हे सुरुवातीलाच सांगा. रेकॉर्डिंग नको. चॅटमध्ये कुणी आपली अडचण लिहायला लागलं तर सगळ्यांसमोर उत्तर देऊ नका, एका ठरलेल्या सिस्टरनं किंवा ताईनं खाजगीत बोलावं.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. तीनशे अनोळखी माणसांच्या यादीत तरुण मुलींचे नंबर आणि फोटो, आणि विषय तस्करीचा! चॅनेल काढा, तिथं अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. किंवा ब्रॉडकास्ट लिस्ट करा.

तसा ग्रुप तुमच्या धर्मग्रामात आधीपासून असणारच, आणि माझं खरं दुखणं तिथं आहे. सकाळी आजचं शुभवर्तमान, दुपारी कुणाच्या तरी निधनाची बातमी आणि संध्याकाळी 'दुबईत हाउसकीपिंग, तिकीट फ्री, पासपोर्टची कॉपी पाठवा'. टाकणारा भला माणूस असतो, त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं. पण चर्चच्या ग्रुपवर आलं म्हणून लोक विश्वास ठेवतात. सभेच्या दिवशी एकच ठराव करा की या ग्रुपवर नोकरीची जाहिरात एजंटचा नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय जाणार नाही. आखातासारख्या देशांत पाठवणाऱ्या भरती एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. लाख-दीड लाख मागणारा, व्हिजिट व्हिसावर जा आणि तिथं गेल्यावर कामाचा करून देऊ म्हणणारा, तिकीट विमानतळावरच हातात ठेवणारा, या तिघांपैकी काहीही दिसलं तर थांबा. ईसीआर शिक्क्याच्या, म्हणजे कामासाठी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी त्या देशांत जाता येत नाही. हे माहीत असलेला एजंट तिला टूरिस्ट म्हणून पाठवतो, आणि मग ती तिथं कायद्याच्या नजरेत नसतेच. घरच्यांना बोलायचं असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा टोल फ्री नंबर आहे, आणि परदेशात अडकलेल्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करता येते. ती वकिलातीपर्यंत जाते आणि तिचा माग ठेवता येतो.

तुमचा गट शिकलेल्या मुलांचा आहे म्हणून एक वेगळा धोका सांगते. आपल्या डोक्यात तस्करी म्हणजे गरीब घरातली मुलगी आणि कामाठीपुरा. पण गेल्या काही वर्षांत दलालांना इंग्रजी येणारा, भराभर टाइप करणारा, कॉम्प्युटर जाणणारा मुलगा हवा आहे. बँकॉकमध्ये डेटा एंट्री किंवा कस्टमर सपोर्ट, पगार इथल्या दुप्पट-तिप्पट. विमान बँकॉकला उतरतं, तिथून गाडीनं माए सॉट, मग नदी ओलांडून म्यानमारमधलं म्यावाडी. कुंपणाच्या आत गेलं की पासपोर्ट जातो आणि काम कळतं. खोट्या प्रोफाइलवरून जगभरच्या माणसांशी प्रेमाचं किंवा गुंतवणुकीचं बोलून त्यांना लुबाडायचं. ठरलेली रक्कम आली नाही की मार, विजेचे झटके, दुसऱ्या कंपनीला विक्री. कंबोडिया आणि लाओसमध्येही असे अड्डे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं २०२३ मध्ये म्यानमारमध्ये निदान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अशी अडकल्याचा अंदाज दिला होता. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी माए सॉटहून दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले.

यातली अडचण अशी की परत आलेला मुलगा घाबरलेला असतो. त्याच्या हातून गुन्हा झालेला आहे, आणि तो जबरदस्तीनं झाला हे त्याला सिद्ध करावं लागणार असतं. फोन तिथंच काढून घेतलेला, पुरावा काही नाही. असं कुणी तुमच्याकडे आलं तर पहिल्या दिवशी वकील गाठा. एजंटचे जुने मेसेज, तिकीट, पैसे पाठवल्याच्या नोंदी घरच्यांच्या फोनवर सापडतात, त्या पुसल्या जाऊ देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तस्करीची व्याख्या आहे, आणि फसवून नेलेल्या माणसाची संमती होती की नव्हती याला तिथं महत्त्व नाही. "तो स्वतःच गेला ना?" असं पोलिस म्हणाले तर हे कलम दाखवा.

आता थोडं जवळचं. वसई-पालघरमध्ये प्रार्थनासभा घेणार आणि वीटभट्टीचं नाव काढणार नाही, असं चालणार नाही. कातकरी कुटुंब पावसाळ्यात उचल घेतं, लग्नाला, दुखण्याला, कधी नुसतं पोटाला. दिवाळीनंतर भट्टीवर जातं, नवरा-बायको आणि मुलं मिळून एक कामगार धरला जातो. हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. संविधानाचं कलम २३ माणसांच्या व्यापाराला आणि वेठीला एकाच वाक्यात मनाई करतं. तुमच्याच वसई तालुक्यात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८० च्या सुमारास वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढा उभारला, श्रमजीवी संघटना त्यातूनच निघाली. गटातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, विचारून बघा. आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, ते एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. आपलं घर, आपलं सभागृह, कधी आपलं चर्चसुद्धा ज्या विटांचं आहे, त्या कुणी पाडल्या, हा प्रश्न प्रायश्चित्तकाळाच्या तोंडावर विचारायला हरकत नाही.

पश्चात्ताप म्हटलं की इतिहासही आला. १४५२ मध्ये एका पोपच्या फर्मानानं पोर्तुगीज राजाला ख्रिस्तेतरांना गुलाम करायची मुभा दिली होती. १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस असलेला डच माणूस लिन्सकोटेन लिहून गेला आहे की जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरेता इथं, रोज भरणाऱ्या लिलावात घोडे आणि सामानाबरोबर माणसंही विकली जात. विकणारे आणि घेणारे मिस्सेला जाणारे होते. पोप तेरावे लिओ यांनी १८८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध स्वतंत्र परिपत्र काढलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये गुलामगिरी, वेश्याव्यवसाय आणि स्त्रिया-मुलांची विक्री यांना लाजिरवाण्या गोष्टींच्या यादीत घातलं. मध्ये चार-पाचशे वर्षं गेली. सभेत हे दोन वाक्यांत सांगितलं तरी पुरे, पण सांगा. नाहीतर आपण नेहमीच सुटका करणाऱ्यांच्या बाजूला होतो असा तरुणांचा समज होतो.

फोटो आणि तंत्रज्ञानाबद्दल. हरवलेल्या मुलाचा फोटो फॉरवर्ड करण्याचा मोह होतो, पण मूल सापडल्यावरही तो फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो. १०९८ किंवा ११२ ला कळवा, रेल्वेत असाल तर १३९. बालकांच्या लैंगिक शोषणाचं चित्र चुकून तुमच्या फोनवर आलं तर ते पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका, फादरांना नाही, मलाही नाही. पाठवणं आणि साठवणं दोन्ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते.

मुलींना धमकावून जाळ्यात ओढण्याचं आजचं मोठं हत्यार म्हणजे तिचा खाजगी फोटो, खरा किंवा एआयनं बनवलेला. "सांगितलं ते कर, नाहीतर घरी पाठवीन." इथं तंत्रज्ञान आपल्या बाजूनंही आहे. फोटोवरून बोटाच्या ठशासारखा एक आकडी ठसा काढता येतो, ज्याला हॅश म्हणतात. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद यांनी तयार केलेल्या फोटोडीएनएपासून मोठ्या कंपन्या अशा ठशांवरून शोषणाची चित्रं ओळखून काढून टाकतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' आणि मोठ्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' या मोफत सेवा आहेत. ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो, फोटो फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की चित्र अडवतात. युवक सभेत मला दहा मिनिटं दिली तर मी यावरच बोलेन. फोटो पसरण्याच्या भीतीनं मुलगी गप्प राहते, आणि ती भीती थोडी जरी कमी झाली तर ती आईशी बोलते.

विश्वासूंच्या प्रार्थना तुम्ही स्वतः लिहा. 'जगातील सर्व शोषित-पीडितांसाठी' असं म्हटलं की कुणाच्याच डोळ्यांसमोर कुणी येत नाही. मी अशा लिहीन. जो आज आपल्याच तालुक्यात एखाद्या घरी पेढे घेऊन मुलीच्या नोकरीचं बोलायला बसला आहे, त्याला प्रभू अडव. जो पैसे मोजून शरीर विकत घेतो आणि रविवारी आपल्याच रांगेत उभा राहतो, त्याच्यासाठी. तस्करीविरोधी कक्षातल्या त्या हवालदार बाईसाठी, जिला रात्रीच्या गाडीनं मुलीला तिच्या राज्यात पोहोचवायचं आहे आणि स्वतःचं मूल तापलेलं आहे. जी आई परत आलेल्या लेकीला दार उघडायला घाबरते, तिच्यासाठी. आणि शेवटी आपल्या जिभेसाठी. गिऱ्हाइकाचं नाव घेतल्यावर थोडी अस्वस्थता होईल, एखादे काका नंतर फादरांना भेटायला जातील. जाऊ द्या.

याच दिवशी संत जेरोम एमिलियानी यांचाही सण असतो. तेही व्हेनिसचेच, अनाथ मुलांचे आश्रयदाते. नोव्हेनातला एक दिवस त्यांच्या नावानं ठेवला तर निरीक्षणगृहातल्या, बालगृहातल्या मुलांची आठवण होते. ८ तारीख रविवारी आली तर मिस्सा रविवारचीच होईल, तेव्हा वाचन आणि प्रार्थना मिस्सेनंतरच्या सभेत ठेवा, फादरांशी त्यावरून वाद घालू नका.

सभेनंतर आठ-दहा दिवसांत कुणीतरी तुमच्याकडे येईल. माझ्या अनुभवात बहुधा येतंच, आणि सुरुवात "माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय" अशी होते. त्यासाठी एक बाई आणि एक पुरुष आधी नेमून ठेवा, आणि त्यांचे नंबर मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये वाचा. त्यांनी ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, फोनवर रेकॉर्ड करायचं नाही. मूल अठराच्या आतलं असेल आणि लैंगिक शोषण झालं असेल तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे बोलणं सुरू होण्याआधी त्या व्यक्तीला सांगायचं, नंतर नाही. कुणी आत्ता कोंडलेलं असेल तर ११२. गटातल्या मुलांनी स्वतः जाऊन दार ठोठावायचं नाही, कितीही रक्त उसळलं तरी. आणि त्या दोघांना एकमेकांशिवाय कुणाशीही यावर बोलता येणार नाही, पॅरिश कौन्सिलच्या बैठकीतसुद्धा नाही. ही अट मान्य असलेली दोन माणसं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळाली तर पुढची तयारी करा. नाही मिळाली तर यंदा फक्त नोव्हेना करा, नंबर जाहीर करू नका.